कराराचे अक्षर आणि गिऱ्हाइकाचा हक्क

एक व्हिडिओ गेम कंपनी दुसरीने विकत घेतली तरी पूर्वीचे करार कायम राहतात, मग गिऱ्हाइकाने ओरड का करावी, असा प्रश्न आमचे सुशिक्षित मित्र हल्ली विचारतात. त्यांचा युक्तिवाद जितका खरा, तितकाच फसवा आहे.

खरा अशासाठी की, भागभांडवलाचा धनी बदलला तरी कायद्याच्या दृष्टीने कंपनी तीच राहते. मायक्रोसॉफ्टने २०२१ साली बेथेस्डाची मातृकंपनी झेनिमॅक्स घेतली. तरी ‘डेथलूप’ हा तिचा खेळ सोनीशी झालेल्या करारानुसार त्याच वर्षी प्लेस्टेशनवर आला, आणि नव्या धन्याच्याच एक्सबॉक्सला वर्षभर ताटकळावे लागले. पण २०२३ साली ‘स्टारफील्ड’ निघाला, तेव्हा प्लेस्टेशनला दार बंद होते. कराराचे अक्षर राहिले, वहिवाट गेली. सांगलीतल्या ज्या विद्यार्थ्याने पैसे साठवून प्लेस्टेशन घेतले, तो तर कोणत्याच करारात पक्षकार नव्हता!

आम्हा सातारकरांना हा न्याय नवा नाही. १८१९ च्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीने प्रतापसिंह महाराजांना व त्यांच्या वारसांना राज्य दिले. १८४८ साली शहाजी महाराज निवर्तले, तेव्हा तहाचा कागद कोणी फाडला नाही. ‘वारस’ या शब्दात दत्तक पुत्र येत नाही, एवढाच अर्थ लावला, आणि राज्य खालसा झाले. पुढे १८५८ साली कंपनीचा कारभार राणीकडे गेला. तिने कंपनीचे तहनामे जाहीरनाम्याने मान्य केले, आणि १९०३ साली सांगलीच्या गादीवर दत्तक वारस बसला. म्हणजे सातारा बुडाला तो धनी न बदलता, आणि सांगली तगली ती धनी बदलल्यावर! तेव्हा धनी कोण, यापेक्षा कराराचा अर्थ कोण लावतो, हाच खरा प्रश्न आहे.

खासगी व्यापारात सरकारने हात घालू नये, असे कोणी म्हणेल. परंतु ‘कॉल ऑफ ड्यूटी’ दहा वर्षे प्लेस्टेशनवर ठेवण्याचा करार मायक्रोसॉफ्टने सोनीशी जुलै २०२३ मध्ये केला, तो ॲक्टिव्हिजनच्या खरेदीला ब्रिटन-अमेरिकेतील नियामक अडवीत असताना. खरेदी पुरी झाल्यावर अशी उदारता कोणाला सुचते? आपल्या स्पर्धा आयोगापुढेही, भारतात भरीव व्यवहार असलेल्या कंपनीचा २००० कोटी रुपयांवरील सौदा सप्टेंबर २०२४ पासून मंजुरीसाठी आणावा लागतो. आयोगाने तेथे एवढेच विचारावे : जुने करार पाळाल हे ठीक, पण ते संपल्यावर या गिऱ्हाइकांचे काय? आणि उत्तर शब्दांचा अर्थ स्पष्ट करून लिहून घ्यावे. सही होण्यापूर्वी जो शब्द मोघम राहिला, तो पुढे बलवंताचाच होतो. साताऱ्याने याची किंमत राज्य देऊन मोजली आहे.