बाळाची कावीळ आणि कापसाचा हिशेब



जन्मानंतर १४ दिवस उलटले तरी बाळाची कावीळ उतरत नाही, शी ज्वारीच्या पिठासारखी पांढुरकी होते, तर पित्तनलिका बंद असू शकते. माळ-मंत्रात दिवस घालवू नका. 'कसाई' शस्त्रक्रिया (जपानी डॉक्टरचे नाव आहे, दचकू नका) ६० दिवसांच्या आत झाली तर गुण येण्याची शक्यता जास्त. आशाताईंच्या घरभेटी ४२व्या दिवसापर्यंत असतात. प्रत्येक भेटीत शीचा रंग पाहिलाच पाहिजे, ही मागणी जिल्हा बैठकीत लावून धरा.

शस्त्रक्रियेने आजार संपत नाही. दोन वर्षांचे पोर अंगणात खेळते, पण ताप आला की वेचणी टाकून त्याच दिवशी इस्पितळ गाठावे लागते. पुष्कळांना पुढे यकृत बदलावे लागते. माय दवाखान्यात, म्हणून वेचणी मजुरीने. भाड्यासाठी कापूस खेडा खरेदीवाल्याला, तो म्हणेल त्या भावात. सरकारच्या उत्पादनखर्चात बियाणे, खत, मजुरी येते, घरच्यांच्या राबण्याचीही किंमत धरतात. दवाखान्यात गेलेले दिवस कुठेच धरत नाहीत. रास्त भाव मागताना हाही खर्च आपण मांडला पाहिजे. घरात दोन पैसे शिल्लक असते तर तापलेले पोर घेऊन भाड्यासाठी दारोदार फिरावे लागले नसते.