बँकॉक, नाशिक आणि प्रशासकाची सही

बँकॉककरांनी २२ मे २०२२ रोजी शहराचा गव्हर्नर निवडला. तिथला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा महापौर आणि आयुक्त एकाच खुर्चीत. त्याआधीचं मतदान मार्च २०१३ मधलं, म्हणजे मधे नऊ वर्षं गेलेली. या मतदानाच्या दोनच महिने आधी, मार्च २०२२ मध्ये, नाशिक महापालिकेची मुदत संपली आणि शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनात प्रशासकीय राजवट सुरू झाली. एका शहराला लोकनियुक्त कारभार परत मिळत होता, तेव्हाच दुसऱ्याचा चालला होता. नाशिककरांना पुन्हा मतदान करायला १५ जानेवारी २०२६ उजाडावा लागला.

दोन्ही प्रकरणं एकाच मापाने मोजायची नाहीत. थायलंडमध्ये २२ मे २०१४ ला लष्करप्रमुख प्रयुत चान-ओचा यांनी भांडणाऱ्या पक्षांच्या नेत्यांना आर्मी क्लबात चर्चेला बोलावलं. काळजीवाहू सरकार राजीनामा देईना म्हटल्यावर तिथल्या तिथे सत्ता ताब्यात घेतल्याचं जाहीर केलं आणि समोर बसलेल्यांनाच ताब्यात घेतलं. नाशकात कुणाला अटक झाली नाही, संचारबंदी लागली नाही, पेपर बंद पडले नाहीत. इथे ओबीसी आरक्षणाचा न्यायालयीन वाद होता, आणि त्या वादाआड उभं राहणं सोयीचं वाटणारी दोन सरकारं होती. महाविकास आघाडीने त्रिसदस्यीय प्रभाग आणि १३३ जागांचा घाट घातला. शिंदे सरकारने येऊन तो मोडला आणि गाडी २०१७ च्या चारसदस्यीय प्रभागांवर, १२२ जागांवर परत आणली. प्रकरण पुन्हा न्यायालयात गेलं. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका उरका म्हणून बजावलं. तेही जमेना, तेव्हा ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत मिळाली. घटना सांगते की, पाच वर्षं संपण्याआधी नवी निवडणूक झाली पाहिजे. नाशिकच्या वाट्याला पावणेचार वर्षांचा खाडा आला.

टोलवाटोलवीची तऱ्हा मात्र दोन्हीकडे ओळखीची वाटते. प्रयुत यांनी २०१५ मध्ये निवडणुकीचा शब्द दिला, मग २०१६, मग २०१७, मग २०१८. प्रत्यक्ष मतदान झालं २४ मार्च २०१९ ला. मधल्या काळात देशाला आनंद परत देण्याचं गाणंही त्यांनी स्वतः लिहून टीव्हीवर वाजवून घेतलं. आपल्याकडच्या सत्ताधाऱ्यांनी निदान गाणी तरी लिहिली नाहीत.

थायलंडची बातमी आपल्याकडे येते ती राजा, रणगाडे आणि शिनावात्रा घराण्यापुरती. त्या बंडाने गावोगावच्या निवडणुका गोठवल्या, हा भाग मागे पडतो. सत्ता घेतल्यावर काही आठवड्यांतच लष्कराने स्थानिक निवडणुका थांबवल्या. संसदेची निवडणूक २०१९ मध्ये होऊन गेली तरी प्रांतिक मंडळांच्या निवडणुकीला डिसेंबर २०२० उजाडला आणि नगरपालिकांना मार्च २०२१. बँकॉकचे निवडून आलेले गव्हर्नर सुखुंभंद परिबत्र यांना ऑक्टोबर २०१६ मध्ये प्रयुत यांच्या एका आदेशाने घरी पाठवलं गेलं आणि जागी अस्विन क्वानमुआंग हे माजी पोलीस अधिकारी आले. साडेपाच वर्षं त्यांनी शहर चालवलं. २०२२ मध्ये तेच अस्विन मतं मागायला उभे राहिले आणि पाचवे आले. जिंकले चाडचार्ट सिट्टीपुंट, १३ लाख ८६ हजार मतं घेऊन, एकूण मतांच्या निम्म्याहून अधिक. आर्मी क्लबातून ज्यांना उचललं त्यांत हे चाडचार्टही होते, तेव्हाच्या सरकारचे वाहतूकमंत्री. मतदानाची तारीखही बंडाचीच, आठ वर्षांनंतरची. नेमणुकीवर बसलेला माणूस कामाचा असेलही. पण लोकांना विचारलं तर ते काय सांगतात, याचा यापेक्षा लख्ख हिशेब मिळायचा नाही.

नाशिकला हा अनुभव नवा नाही. नाशिक, नाशिकरोड-देवळाली, सातपूर आणि आजूबाजूची खेडी एकत्र करून ७ नोव्हेंबर १९८२ ला महापालिका झाली, आणि पहिली निवडणूक झाली १९९२ मध्ये. पहिली दहा वर्षं या शहराने महापौर पाहिलाच नाही; शांतारामबापू वावरे आले ते त्यानंतर. पण तेव्हा ७४ वी घटनादुरुस्ती अंमलात आलेली नव्हती. ती आली जून १९९३ मध्ये, नेमकी हे असलं पुन्हा घडू नये म्हणून.

प्रशासकीय राजवटीत कागद कसा फिरतो, ते पाहण्यासारखं आहे. एरवी आयुक्त एखाद्या कामाचा प्रस्ताव मांडतो, स्थायी समिती त्यावर भाव-निविदा तपासते, धोरणाचा विषय असेल तर तो महासभेत येतो. तिथे आरडाओरडा होतो, राजदंड पळवला जातो, विषय तहकूब होतो. प्रशासक असताना प्रस्ताव आयुक्त म्हणून पाठवायचा, स्थायी समिती म्हणून मंजूर करायचा आणि महासभा म्हणून त्यावर ठराव करायचा, हे सगळं एकाच माणसाने. अंदाजपत्रकाचंही तेच. वाद नाही, तहकुबी नाही, आणि उलटा प्रश्न विचारणाराही कुणी नाही. त्यातून माणूस तरी टिकावा! कैलास जाधव, रमेश पवार, चंद्रकांत पुलकुंडवार, अशोक करंजकर, मनीषा खत्री: पावणेचार वर्षांत पाच नावं.

‘नगरसेवक नव्हते तेच बरं होतं, टक्केवारी तरी वाचली,’ असं कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत अनेक जण म्हणतात. हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. नगरसेवकांच्या कारभाराबद्दल नाशिककरांना काय वाटतं, ते त्यांनी २०१२ मध्ये मनसेला आणि २०१७ मध्ये भाजपला निवडून दोनदा सांगितलं आहे. तुकाराम मुंढे २०१८ मध्ये आयुक्त असताना सभागृह त्यांच्यावर तुटून पडलं, तेव्हा निम्मं शहर मुंढेंच्या बाजूने होतं. पण त्याच प्रकरणाची दुसरी बाजू पाहा. मुंढेंनी करयोग्य मूल्याचे दर वाढवले, मोकळ्या भूखंडांवरही कर लावला, आणि शेतकऱ्यांपासून सोसायट्यांपर्यंत सगळे रस्त्यावर आले. त्यांचं म्हणणं मांडायला जागा होती, ती महासभेची. अविश्वास ठराव आला, मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून तो मागेही घ्यावा लागला, नोव्हेंबरमध्ये मुंढेंची बदली झाली. कोण बरोबर, कोण चूक हा वेगळा वाद. पण भांडण झालं ते उघड्यावर, आणि त्याची इतिवृत्तात नोंद राहिली.

ही सोय नसली की काय होतं, ते तपोवनात दिसलं. सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी सुमारे १८०० झाडांबाबत नोव्हेंबर २०२५ मध्ये नोटीस निघाली. वृक्ष प्राधिकरणाचा अध्यक्ष आयुक्त, पण सदस्यांत नगरसेवक असतात. इथे तेच नव्हते. मग माणसं हरकती घेऊन सुनावणीला गेली, झाडांना बिलगून बसली आणि अखेर हरित लवादाकडे गेली. महासभेत तीन तास चालली असती ती चर्चा रस्त्यावर आणि लवादासमोर झाली. एका सहीत ठराव उरकण्याची सोय शेवटी अशी महागात पडते.

आता नगरसेवक आले आहेत, भाजपला स्पष्ट बहुमत आहे. थायलंडकडे पाहावं ते इथून पुढे काय होतं त्यासाठी. लष्कराने निवडणूक दिली, पण जाण्याआधी २५० नेमलेल्या सदस्यांचं सिनेट मागे ठेवलं आणि पंतप्रधान निवडताना त्यांनाही मत दिलं. २०१९ मध्ये प्रयुत यांना मिळालेल्या ५०० मतांपैकी २४९ या नेमलेल्यांची होती. मे २०२३ मध्ये मूव्ह फॉरवर्ड पक्ष १५१ जागा घेऊन पहिला आला. त्या पक्षाचे नेते पिता लिमजारोएनरात यांना पंतप्रधान व्हायला ३७५ मतं हवी होती, मिळाली ३२४. सिनेटमधली जेमतेम १३ त्यांच्या बाजूने पडली. ऑगस्ट २०२४ मध्ये पक्षच विसर्जित झाला. मतदान झालं, मोजणीही झाली. पण अधिकार आधीच दुसरीकडे नेऊन ठेवलेले होते.

नाशिकमध्ये सिनेट नाही, पण कुंभमेळा प्राधिकरण आहे. ते २०२५ मध्ये, महापालिकेत एकही नगरसेवक नसताना, स्थापन झालं. प्रमुख विभागीय आयुक्त. मेळ्याला एकच खंबीर यंत्रणा लागते, हे २०१५ चं सिंहस्थ पाहिलेला कुणीही मान्य करील. पण रस्ते, पूल, घाट, मलनिस्सारण ही कामं पर्वणीनंतरही शहराच्याच अंगावर राहणार आहेत, आणि त्यांवर महासभेला काही म्हणता येईल की नाही, हे कुणी स्पष्ट केलेलं नाही. बहुमतवाल्या पक्षाला राज्य सरकारची अडचण करायची नसते, तेव्हा हा प्रश्न सभागृहात यायचा तो विरोधकांकडूनच. आणि त्यांची संख्या पाहता त्यांना घसा बराच ताणावा लागेल.

मार्च २०२२ पासूनचे सगळे प्रशासकीय ठराव एकगठ्ठा महासभेच्या पटलावर ठेवा, ही मागणी कुठल्याही पक्षाचा एक नगरसेवकही करू शकतो. कोणती कामं कुणाला दिली, मुदतवाढ कुणाला मिळाली, कोणते भूखंड कोणत्या अटीवर गेले, हे त्यात आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, मंत्रालयाची परवानगी लागत नाही. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे. त्यानंतर वर्ष-दीड वर्ष या शहरात दुसऱ्या कुठल्या विषयाला कान मिळणार नाही.