पिकअप गेला की पंपच का उतरतो?

जुन्या डिझेल जीपचा पिकअप गेला की गॅरेजमध्ये पहिला संशय फ्युएल पंपावर. पंप उतरतो, नोझल बदलतात, बिल भरभक्कम होतं आणि घाटात गाडी पुन्हा दुसऱ्या गिअरवर येते. यात मिस्त्रीच्या हातापेक्षा आपल्या पैसे मोजण्याच्या सवयीचा दोष जास्त आहे. बदललेल्या पार्टचे पैसे गिऱ्हाईक निमूट देतं. ‘तासभर तपासलं, काही बदलावं लागलं नाही’ याची मजुरी द्यायला मात्र कुणाचा खिशात हात जात नाही. मग मिस्त्रीला बदलणंच परवडणार.

महिंद्राच्या एमएम ५४० मधलं प्युजोचं २.१ लिटर डिझेल इंजिन घ्या. टर्बो नाही, स्कॅनर लावायला संगणक नाही, ताकद जेमतेम साठ-बासष्ट अश्वशक्ती. त्यातली थोडी कुठे वाया गेली तरी लगेच जाणवते, म्हणून आधी ठरवायचं ते एवढंच, की इंजिन ताकद देत नाही की दिलेली ताकद चाकापर्यंत पोहोचत नाही. चढावर इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. गाडी चालवून थांबल्यावर एखादा ब्रेक ड्रम बाकीच्यांपेक्षा फार तापलेला लागला, तर ते चाक जाम आहे. चिखलातून हिंडणाऱ्या गाडीत हे नेहमीचंच. आणि हौसेने घातलेले मोठे टायर! २९ इंचांच्या जागी ३२ इंची चाक आलं की जमिनीवर मिळणारा जोर नऊ टक्क्यांच्या आसपास घटतो, इंजिन कितीही ठणठणीत असो.

खोट इंजिनाकडेच दिसली तर धूर पाहावा. ओढताना काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी, आणि मातीच्या रस्त्यावरच्या गाडीत तुंबलेला एअर फिल्टर हे त्याचं सर्वांत स्वस्त कारण. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत असेल तर टायमिंग किंवा कॉम्प्रेशन पाहायचं. निळा धूर ऑइल जळत असल्याचा. ताकद नाही आणि धूरही नाही, ही खूण सर्वांत बोलकी, कारण मग डिझेलच पुरेसं पोहोचत नसतं. एकाने पेडल पूर्ण दाबावं, दुसऱ्याने बॉनेट उघडून पंपाचा लिव्हर स्टॉपला टेकतो का ते पाहावं. ताणलेली केबल किंवा पायाखालची जाड मॅट एवढंही कारण निघू शकतं. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं, फिल्टर तुंबला किंवा टाकीकडून येणारा रबरी पाइप तडकला, तरी लक्षण तेच. खेचणाऱ्या बाजूचा पाइप बहुधा बाहेर गळत नाही, आत हवा घेतो. तिथे पारदर्शक नळीचा तुकडा जोडला की बुडबुडे डोळ्यांना दिसतात.

मुरलेल्या मिस्त्रीला हे सगळं कानानेच कळतं, असं कुणी म्हणेल. कुठून सुरुवात करायची ते कान नक्की सांगतो. पण सुटलेला ड्रम आणि घट्ट ड्रम यांतला फरक हात लावल्याशिवाय कळत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: इतक्या जुन्या गाडीत पंप खरंच झिजलेला असू शकतो. असतोही. पण मग तपासणी न करता तो ‘वाढवून’ देण्याची जी पद्धत पडली आहे, तिचं काय? हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढवलं की काळा धूर वाढतो, इंजिन तापतं आणि पीयूसीच्या धूरचाचणीत गाडी अडकते. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरच्या आसपास, हवा आधीच विरळ. तिथे तर वाढवलेलं डिझेल नुसतं नळकांड्यातून जातं.

म्हणून गिऱ्हाइकाने आधीच सांगावं, की तासाची तपासणीची मजुरी वेगळी लावा, पार्ट बदलो न बदलो. त्यातून शेवटी पंपच उरला तर तो जरूर बेंचवर जाऊ दे. सोबत धुराचा रंग, कोणत्या गिअरला गाडी दमते आणि काय काय तपासून झालं, हे एका चिठ्ठीवर लिहून.