बंदूक उलटी नव्हती

सजावट समितीच्या मंडळींस,


पैसे पूर्ण पोचले, तक्रार त्याची नाही. गाऱ्हाणं वेगळं आहे. बाप्पा गेले तरी ते मनातून जात नाही, म्हणून चारचौघांत लिहितोय.

पाडव्याला तुम्ही ऑर्डर दिलीत. बाप्पांभोवती देखावा बेळगावच्या मराठा सेंटरचा, म्हणजे मराठा पलटणींच्या प्रशिक्षण केंद्राचा, पहिल्या महायुद्धापासून पुढे. आमच्या जोह्यात घरोघरी बारा महिने गणपतीच घडतात. शिपाई घडवायला मिळणार म्हणून मी हरखलो. माझे आजोबा बेळगावात रंगरूट होते. परेडची गोष्ट निघाली की म्हातारपणीही बसल्या जागी टाचा जुळवायचे.

पाच पुतळे केले. पहिला 1916 चा, मेसोपोटेमियातल्या कूटचा. तिथल्या वेढ्यात 110वी मराठा पलटण अडकली, घोड्याचं मांस खायची पाळी आली, 29 एप्रिलला शरणागती. त्याची गालफडं मी आत घेतली आणि पट्ट्याला एक जादा भोक पाडलं. दुसरा 1918 च्या शरकतच्या लढाईतला, 114व्या पलटणीचा. तिथे तिने 28 शौर्यपदकं मिळवली आणि 1922 मध्ये तीच बेळगावची प्रशिक्षण पलटण झाली. पोरांना कवायत शिकवायला लढून आलेली पलटणच बसवली, हे मला फार आवडलं होतं.

तिसरे नाईक यशवंत घाडगे. आपल्या माणगावकडच्या पळसगावचे, वय 22. 10 जुलै 1944, इटली. सेक्शनमधले बाकी सगळे मेले नाहीतर जखमी झाले, तेव्हा हे एकटे मशीनगनवर धावले. आधी बॉम्ब टाकला, मग फैर झाडली. मॅगझिन बदलायला सवड नव्हती, म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीनेच बडवलं. मग कुठूनशी गोळी आली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, देह सापडला नाही.

त्यांच्या हातात मी बंदूक उलटी दिली ती यासाठी, नळीकडून धरलेली. तुमच्या पोरांनी ‘मूर्तिकार चुकला’ म्हणून ती करवतीने कापली आणि सरळ चिकटवली! एक फोन तरी करायचा होता.

घाडग्यांची पलटण तिसरी, म्हणजे जुनी 110वी, कूटवालीच. तीच पुढे छत्रीधारी झाली. 1948 मध्ये झांगर परत घेताना होती आणि 11 डिसेंबर 1971 ला टांगाईलला विमानातून उतरली. चौथा पुतळा झांगरचा, पाचवा टांगाईलचा. म्हणून शरकतवाला सोडून चौघांनाही मी एकच नाक दिलं होतं. तुमच्या लक्षात आलं नसेल. रात्री दिव्याखाली बसून केलेलं काम आहे ते.

तुम्ही म्हणालात, कूट नको, हरलेलं कोण बघतं. शरकत, झांगर कुणाला ठाऊक. तिघांना परत पाठवलंत. टांगाईलच्या जवानाला काळा गॉगल चढवलात. 1971 मधल्या बंदुकीच्या जागी टीव्हीवरची बंदूक दिलीत. चालू द्या, गर्दी झाली म्हणे.

पण कूटहून जे परतले नाहीत, ते काय दुसऱ्या कुणाच्या सेंटरचे होते?

ते तिघे माझ्या कारखान्यात दाराशी उभे आहेत. पुढच्या गणपतीचं प्लास्टर येऊन पडलंय, जागा लागते, तरी हलवलेले नाहीत. उरलेल्या दोघांना टेम्पोत घालून पाठवा, भाडं मी देतो. घाडग्यांची कापलेली बंदूकही सोबत द्या. जोड दिसणार नाही इतकं मला येतं.

आपला,
जोह्याचा एक मूर्तिकार