आजचा तोटा, उद्यांचा लाभ

हातीं येईल तें आज घ्यावें कीं उद्यांच्या मोठ्या लाभासाठीं आज तोटा सोसावा, हा प्रश्न प्रत्येक घराच्या ओटीवर केव्हां ना केव्हां येऊन बसतो. कठोपनिषदांत यमानें नचिकेत्यास श्रेय व प्रेय यांतील भेद सांगितला आहे. तो पाठ करणें सोपें. व्यवहारांत पाळावयाचा कसा, हें मात्र आम्हांस झाडीमुलखांतील दोन लहान गांवांकडे पाहून अधिक उमगलें.

चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यांत पाचगांव आहे. वनहक्क कायद्याखालीं २०१२ सालीं त्यास सुमारें १००० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेंदूपत्ता हें त्या मुलखाचें उन्हाळ्यांतील रोख उत्पन्न. पेरणीच्या तोंडावर हातीं येणारा पैसा. परंतु कोवळीं पानें भरपूर यावींत म्हणून झुडपें छाटावयाचीं, फांद्या तोडावयाच्या, रानास आग लावावयाची, आणि टेंभुर्णीच्या फळांस मुकावयाचें, असा तो व्यवहार. ग्रामसभेनें विचार करून तेंदूपत्ता तोडावयाचाच नाहीं असें ठरविलें व उत्पन्नाची भिस्त बांबूवर ठेविली. बांबूचाही न्याय तोच. पावसाळ्यांत फुटलेले कोंब वास्ते म्हणून खुडले तर आजच्या भाजीची सोय होते. राखले तर दोन-तीन वर्षांत त्यांचा तोडण्याजोगा बांबू होतो.

येथें कोणी म्हणेल कीं, भरल्या पोटीं संयमाचा उपदेश करणें सोपें. तें खरें आहे. ज्याच्या घरांत सांजेचे दाणे नाहींत, त्यास दहा वर्षांनंतरचा लाभ सांगणें ही थट्टाच होय. परंतु गरीब मनुष्य थांबत नाहीं याचें कारण पुष्कळदां निराळें असतें: राखलेलें आपल्यास मिळेल असा त्यास भरंवसा नसतो. गडचिरोली जिल्ह्यांतील धानोरा तालुक्याचें मेंढा-लेखा पाहा. तेथील बांबू पूर्वीं कागदाच्या कारखान्याकडे ठेक्यानें जाई. आपण राखावें आणि दुसऱ्यानें न्यावें, अशा स्थितींत राखणारा वेडा ठरतो. २००९ सालीं गांवास सुमारें १८०० हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातीं येण्यास २७ एप्रिल २०११ हा दिवस उजाडावा लागला. या गांवांत निर्णय बहुमतानें न करतां सर्वसहमतीनें करतात. एकाचें समाधान होईना तर पुन्हा बैठक भरवावयाची, यांत वेळ फार जातो. पण ज्यानें स्वतः संमति दिली, तो नियम मोडावयास सहसा धजत नाहीं. पांच वर्षांनीं मतें मागावयाच्या राजकारणास हा धीर परवडत नाहीं, कारण विकलेल्या लांकडाचा पैसा मोजून दाखवितां येतो, राखलेल्या रानाचा येत नाहीं.

खेळांत हिशेब आणखी निराळा. २०१८ च्या मे महिन्यांत चंद्रपूर जिल्ह्यांतील आश्रमशाळांच्या पांच आदिवासी विद्यार्थ्यांनीं एव्हरेस्टचें शिखर गांठलें. त्यामागें कित्येक महिन्यांचे कष्ट होते, आणि कष्ट करणाऱ्या प्रत्येकास शिखर लाभलें असें नाहीं. तेथें फळाची हमी नसते. मात्र श्रम ज्याचे, कमावलेलें बळही त्याचेंच राहतें. तें कोणी ठेक्यानें नेऊं शकत नाहीं.

कुटुंबांतही हाच ताळा लावून पाहावा. पुढील पिढीसाठीं म्हणून हात आंखडतांना तो भार कोणावर पडतो? धाकट्या भावाच्या शिक्षणासाठीं थोरल्या बहिणीनें कॉलेज सोडावें, मुलांसाठीं सुनेनें नोकरी सोडावी, असें घरांतील वडीलधारीं माणसें सहज ठरवितात. तें ठरवितांना तिला विचारलें होतें काय, आणि उद्यांच्या लाभांत तिचा वांटा किती, हे दोन प्रश्न वाचकांनीं आपापल्या घरीं विचारून पाहावेत. पाचगांवांत तोटा ठरविणारे व सोसणारे एकच होते, आणि फळाचे धनीही तेच. तसें जेथें नसेल, तेथें एकाच्या त्यागावर दुसऱ्याचा नफा उभा राहतो. त्यास दूरदृष्टि हें नांव देऊं नये.