तासाचा दर आणि शेजारच्या शेडचा दर

भोसरी, सातपूर, शिरोली यांसारख्या औद्योगिक वसाहतींतील लहान यंत्रशाळांमध्ये जॉबवर्कचा दर, म्हणजे ग्राहकाने पाठवलेल्या मालावर केवळ यंत्रकाम करून देण्याचा मोबदला, पुष्कळदा शेजारच्या शेडमध्ये काय भाव चालू आहे यावरून ठरतो. त्या भावावरून बाजार किती पैसे द्यायला तयार आहे एवढे कळते. तो आपल्या यंत्राच्या हप्त्याला आणि कामगाराच्या पगाराला पुरेल की नाही, हे मात्र प्रत्येक उद्योजकाला स्वतःच्याच नोंदींतून काढावे लागते.

त्यासाठीचे मूलभूत साधन म्हणजे यंत्राचा तासाचा दर. यंत्राचा घसारा, कर्जावरील व्याज, ऑपरेटरचा पगार, जागेचे भाडे, देखभाल आणि मालकाच्या स्वतःच्या श्रमाचे वेतन या सर्वांच्या वार्षिक बेरजेला ग्राहकाकडून आकारता येणाऱ्या तासांनी भागले की तो मिळतो. उदाहरणादाखल एका व्हीएमसी (व्हर्टिकल मशीनिंग सेंटर) यंत्रावर हा खर्च वर्षाला १२ लाख रुपये धरला आणि ३०० दिवस रोज ८ तासांप्रमाणे २,४०० तास मोजले, तर दर ५०० रुपये निघतो; परंतु बिघाड, वीज जाणे, गैरहजेरी, रिजेक्शनची दुरुस्ती आणि कामाचा तुटवडा वजा जाता बिलात धरता येणारे तास १,५०० च उरत असतील, तर तोच दर ८०० रुपये होतो आणि त्यात टूलिंग व विजेचा ताशी १०० रुपये खर्च मिळवावा लागतो. अशा यंत्रशाळेने ६५० रुपयांचा चालू भाव स्वीकारला, तर यंत्र दिवसभर फिरताना दिसूनही नफा वहीत उतरत नाही, कारण भागाकार घेताना घड्याळातले तास धरलेले असतात, बिलातले नव्हे.

सेटिंगचा, म्हणजे जॉब व हत्यारे यंत्रावर बसवून पहिला नग मापात आणण्याचा वेळ नगाच्या दरात मुरवून टाकण्याची प्रथाही तितकीच घातक आहे. दोन तासांच्या सेटिंगचा खर्च ८०० रुपयांच्या दराने १,६०० रुपये होतो; २०० नगांच्या मागणीत तो नगामागे ८ रुपये पडतो, तर २० नगांच्या मागणीत ८० रुपये. म्हणून कोटेशनमध्ये सेटिंगची रक्कम स्वतंत्र दाखवणे उभय पक्षांच्या हिताचे ठरते.

रिकाम्या यंत्रावर कमी दराचे काम घ्यावे की नाही, याचे उत्तर खर्चाच्या विभागणीत आहे. हप्ता, भाडे आणि पगार काम नसतानाही द्यावेच लागत असल्याने ताशी १०० रुपयांच्या बदलत्या खर्चाच्या वर जे मिळेल ते त्यांना हातभार लावते. मात्र ही सवलत खरोखर मोकळ्या असलेल्या तासांपुरती आणि ठरावीक मुदतीपुरतीच असावी, कारण एकदा दिलेला उतरता दर पुढच्या खरेदी आदेशाचा आरंभबिंदू बनतो.

उधारी हाही किमतीचाच भाग आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत आणि विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज देय होते. ग्राहक तुटण्याच्या भीतीने हा हक्क सहसा बजावला जात नाही. तेव्हा १२ टक्के व्याजाच्या कॅश क्रेडिटवर चालणाऱ्या उद्योगाने ९० दिवसांच्या उधारीपोटी बिलाच्या सुमारे ३ टक्के आपल्याच खिशातून जातात हे जाणून रोखीचा व उधारीचा दर वेगवेगळा सांगावा.

या बाबतीत उद्योजक संघटनांचे काम नाजूक आहे. सभासदांनी मिळून समान दर ठरवणे स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ च्या कक्षेत येते, परंतु दर काढण्याची रीत शिकवण्यास कोणतीही आडकाठी नाही. यंत्रनिहाय तासांची नोंदवही ठेवणे आणि दर आर्थिक वर्षाच्या आरंभी तासाचा दर नव्याने काढणे एवढी शिस्त जरी सभासदांत रुजली, तरी न परवडणारे भाव अजाणतेपणी देणाऱ्यांची संख्या घटेल आणि बाजारभाव अधिक वास्तव पायावर येईल.