‘मिसळत नाही’ हा काय गुन्हा आहे?

साडेतीन वर्षांच्या पोराच्या प्रगतीपुस्तकात लाल शाईने शेरा : ‘मुलांत मिसळत नाही, सुधारणा आवश्यक.’ या आठवड्यात आपल्या गावातल्या दोन घरांत मी हे वाचलं. आई रडवेली, आजी मोबाईलला शिव्या देतेय, बाप डॉक्टर शोधतोय.

सुधारणा नेमकी कशात करायची, तेवढं सांगा की मॅडम!

अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर नवरा-बायकोने न्यूयॉर्कमध्ये 1956 पासून वर्षानुवर्षं मुलांच्या स्वभावाचा अभ्यास केला. त्यांना साधारण 15 टक्के मुलं नव्या जागी, नव्या माणसांत हळूहळू रुळणारी दिसली. आजारी नाहीत, मठ्ठ नाहीत, पिंडच तसा. असं पोर आधी कडेला उभं राहून खेळ बघतं, मग शेजारी बसून आपलं आपलं खेळतं आणि एक दिवस आपणहून आत घुसतं. (हाक मारली तरी बघत नाही, नजर देत नाही, बोलणं आलेलं नाही, तर जरूर डॉक्टर गाठा. ती गोष्ट वेगळी.)

आपल्या गल्लीतल्या पोरांना हे कुठल्याही अभ्यासाशिवाय कळायचं. बुजरं पोर आलं की त्याला ‘कच्चं लिंबू’ करून घ्यायचे. खेळात आहे, पण त्याच्यावर राज्य नाही. थोड्या दिवसांनी तेच पोर ‘मला पण राज्य द्या’ म्हणून भांडायचं.

आणि फी घेणाऱ्या शाळा काय करतात? दुकानाच्या गाळ्यात चाळीस पोरं, एक मॅडम. बुजऱ्याला हाताला धरून मधे ओढायचं, गॅदरिंगला स्टेजवर ढकलायचं, रडलं तर व्हिडिओ काढायचा. धसमुसळ्याला कोपऱ्यात उभं करायचं. अहो, त्याला पळायला जागा कुठंय? वरून मुलगी गप्प असली की ‘शहाणी’ आणि मुलगा गप्प असला की ‘बुळा’. हे तर आपण घरीच शिकवतो.

जूनच्या ॲडमिशन सुरू होतील. फॉर्म भरण्याआधी विचारा : एका बाईंकडे मुलं किती? अंगण आहे का? रोज मोकळा खेळ किती वेळ? मिळालेली उत्तरं मला पाठवा. शाळेच्या नावासकट छापतो.